क्रमवारी कोणाच्या कानाने?

मागील अंकात आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी प्रस्तुत लेखकाची जी हजेरी घेतली आहे, ती त्यांच्या वयाचा मान राखून मी मुकाट्याने सोसलीही असती. परंतु त्या लेखातील घाव माझ्या आवडीनिवडीवर थांबत नाही; तो पांडेसऱ्यातील बहुसंख्य जुन्या मराठी कुटुंबांच्या घरात पोहोचतो. म्हणून हे उत्तर.

प्रकरण थोडक्यात असे. २०२४ च्या डिसेंबरातील बैठकीत, वर्ष सरताना प्रत्येकाने काहीतरी वाचावे या आपल्या प्रघातास अनुसरून, मी त्या वर्षातील माझी पाच आवडती गाणी उलट क्रमाने सांगितली. पाचव्या स्थानी ‘फुलवंती’ चित्रपटातील ‘मदनमंजिरी’, चौथ्या स्थानी आदित्य गढवी यांचे गुजराती ‘खलासी’, तिसऱ्या स्थानी ‘तांबडी चामडी’, दुसऱ्या स्थानी ‘गुलाबी साडी’ आणि पहिल्या स्थानी ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणे. शेवटचे नाव उच्चारताच हशा पिकला, आणि त्या हशात कौतुकापेक्षा उपहास अधिक होता. माझी यादी पुढे अंकात आली नाही. आले ते तीन आक्षेप. पहिला, गाण्यांना क्रमांक देणे हा पोरखेळ आहे. दुसरा, ही गाणी वाङ्मयात मोडत नाहीत. तिसरा, अहिराणी ही मराठी नव्हे. तेव्हा ज्या वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याच वर्षी मराठी मंडळाच्या व्यासपीठावर तिला अग्रस्थान देणे हा औचित्यभंग होय.

पहिल्या आक्षेपाचे मला विशेष नवल वाटले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी निवर्तले, तेव्हा आपल्याच बैठकीत त्यांना श्रद्धांजली वाहताना आक्षेपकर्त्यांचा कंठ दाटून आला होता. ‘बिनाका गीतमाला’ म्हणजे तरी काय होते? डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेला, दर बुधवारी रात्री आठ वाजता गाण्यांना पायदाने वाटणारा कार्यक्रमच ना? कोणते गाणे चढले, कोणते उतरले, वर्षाच्या शेवटी सर्वांत वर कोण बसले, यावर आपल्या पिढीने गावोगावच्या पारावर वाद घातले आहेत. शिंदखेडा तालुक्यातील आमच्या गावी रेडिओ एका घरी आणि ऐकणारे अर्धे गाव, अशी स्थिती होती. निकाल मनासारखा लागला नाही की रात्री जेवण गोड लागत नसे. ती क्रमवारी आज आपल्याला संस्कृती वाटते आणि माझी क्रमवारी पोरखेळ ठरते, याचे कारण एवढेच की तेव्हा आपण पोरे होतो.

दोहोंत एक भेद मात्र आहे आणि तो मी लपवीत नाही. गीतमालेची पायदाने तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पसंती यांवर ठरत. माझी क्रमवारी एका म्हाताऱ्याच्या दोन कानांवर ठरते. पण आज तिसरी एक क्रमवारी घरोघरी शिरली आहे, ती म्हणजे भ्रमणध्वनीवरील आकड्यांची. अमुक गाणे इतक्या कोटी वेळा पाहिले गेले, म्हणून ते श्रेष्ठ. रडणाऱ्या बाळापुढे एकच गाणे दहा वेळा लावले तरी तो आकडा वाढतो. एकाच्या मागून दुसरे गाणे यंत्र आपोआप पुढे ढकलते, त्यानेही वाढतो. त्या आकड्याला ‘का?’ असे विचारता येत नाही. मला विचारता येते, आणि विचारले गेलेच आहे. ज्याने क्रम लावला त्याला कारणे द्यावी लागतात, हाच वैयक्तिक क्रमवारीचा उपयोग आहे.

तेव्हा माझी कसोटी सांगतो. त्या वर्षी आमच्या घरात आणि गल्लीत ज्या गाण्याचे शब्द माणसांच्या तोंडी होते, नुसते भोंग्यातून वाजत नव्हते, तेच माझ्या यादीत येते. गाणे कोणत्या वर्षी निघाले हे मी पाहत नाही. ‘खलासी’ २०२३ चे आहे आणि झुमक्याचे गाणे त्याहूनही आधीचे, हा मुद्दा आक्षेपकर्त्यांनी विजयी मुद्रेने मांडला आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु २०२४ च्या लग्नसराईत आमच्या सोसायटीत एकही हळद त्या गाण्यावाचून झाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता दुसरा आक्षेप. ही गाणी वाङ्मय नव्हेत, हे वाक्य आपण पूर्वी ऐकले आहे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आले. शास्त्रोक्त संगीताविषयी त्यांची तळमळ सच्ची होती. आकाशवाणीवर अभिजात संगीताला त्यांनी जे स्थान दिले त्याचे ऋण मान्य करावयास हवे. पण चित्रपटगीते हलकी, त्यांनी श्रोत्यांची अभिरुची बिघडते, या समजुतीने त्यांच्या अमदानीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? अभिरुची सुधारून घेण्यासाठी ते थांबले नाहीत. रेडिओची सुई सिलोनकडे वळवून ते मोकळे झाले. गीतमालेचे साम्राज्य उभे राहिले ते या वळलेल्या सुईवर. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

यातील विनोद असा की गीतमालेच्या वार्षिक याद्यांत १९५३ सालचे अग्रगण्य म्हणून नोंदले गेलेले गाणे ‘अनारकली’ चित्रपटातील होते. संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गायिका लता मंगेशकर. म्हणजे दार लावणारा मराठी, दाराबाहेर गाणारी मराठी आणि परदेशी केंद्रावर कान लावून बसलेले आपणही मराठी.

आक्षेपकर्ते म्हणतील की त्याच आकाशवाणीने पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ दिले. अगदी मान्य. छप्पन्न गीतांचा तो ठेवा आठवड्यामागून आठवडा घरोघरी पोहोचला. पण ते लिहिणारे ग. दि. माडगूळकर आणि त्याला चाली देणारे सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतच घडलेले होते. ज्या ओसरीवर हलकी गाणी वाढत होती, तेथूनच ते देवघरात आले. ओसरी झाडून टाकली असती तर देवघरात कोण आले असते?

याचा अर्थ माझ्या यादीतील प्रत्येक ओळ मी डोक्यावर घेतो असा नाही. ‘तांबडी चामडी’त अर्थ शोधावयास जाणारा रिकाम्या हाताने परत येईल, तेथे आहे तो मराठी शब्दांचा ठेका, आणि तो इतका पक्का की नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या नृत्यसंगीताच्या कंपनीने ते गाणे प्रसिद्ध केले. ‘गुलाबी साडी’तील नायिकेची सारी धडपड स्वतःची छबी टिपून घेण्यासाठी आहे, आणि याहून मोठे काही त्या गाण्यात घडत नाही. अहिराणी गाण्यांपैकी पुष्कळांत बाई म्हणजे दागिने, कंबर आणि नखरा यांची बेरीज असते. शिवाय वरातीतील डीजेच्या भिंतींनी छातीत धडकी भरते, त्याचा मीही वैरीच आहे. हे दोष मी स्वतः मोजले आहेत, आणि ते मोजता आले ते गाणी कान देऊन ऐकली म्हणून. नाक मुरडणाऱ्याला दोषही नीट सांगता येत नाहीत. त्याला सगळेच सारखे ऐकू येते.

आता तिसरा आक्षेप. अहिराणी मराठी आहे की नाही, यावर विद्वानांचे एकमत नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशीला भिल्ल बोलींच्या खंडात बसविले. २०११ च्या जनगणनेनेही खानदेशीची गणना मराठीहून वेगळी केली आणि तिचे अठरा लाखांहून अधिक भाषक नोंदविले. हा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. माझा प्रश्न साधा आहे. पांडेसऱ्यात हे मंडळ कोणाच्या जिवावर उभे आहे? बडोद्याच्या मराठीमागे गायकवाडांचा दरबार होता. आपल्यामागे होती तापीकाठची रेल्वे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथून निघून उधन्याला उतरलेली, डाइंगच्या वाफेत आणि यंत्रमागांच्या खडखडाटात पाळ्या केलेली माणसे आपली. त्यांच्या घरची भाषा अहिराणी होती. मंडळात येताना तिला चपलेबरोबर दाराबाहेर ठेवावी, हा शिष्टाचार आपण स्वखुशीने पाळला. बैठकीत ‘आहे’ म्हणावयाचे आणि घरी जाऊन ‘शे’. मीही चाळीस वर्षे तेच केले, आणि त्याबद्दल आज मला संकोच वाटतो.

त्या पहिल्या क्रमांकामागची गोष्ट आता सांगतो. माझी नात इंग्रजी शाळेत जाते, अंगणात गुजराती बोलते आणि दूरचित्रवाणीमुळे हिंदी जाणते. मराठी तिला समजते, पण उत्तर येते ते गुजरातीत. तिला देवनागरीतील मराठी पुस्तक वाचावयास लावण्याचे माझे सगळे प्रयत्न फसले. शेजारच्या हळदीत मात्र ती झुमक्याचे गाणे आरंभापासून अखेरपर्यंत म्हणाली. त्या रात्री घरी आल्यावर अहिराणी गाण्यांचा नाद तिला लागला, आणि एके दिवशी तिने विचारले, “आबा, हे ‘शे’ म्हणजे काय?” मी व्याकरण सांगू लागणार तोच तिची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “अगं, तुझं ‘छे’ तेच आमचं ‘शे’.” पोरगी थबकली. जी भाषा आजी-आजोबांची म्हणून तिला परकी वाटत होती, तिचा एक पाय तिच्याच अंगणात होता. ‘छे’वरून ‘शे’वर आणि ‘शे’वरून ‘आहे’वर यावयास तिला फारसे दिवस लागले नाहीत. येत्या कानबाईला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आजीच्या बरोबरीने म्हणावयाची गाणी ती आता वहीत उतरवून घेते आहे. लिपी गुजराती, शब्द अहिराणी. अक्षर कोणते याची तक्रार मी अजून केलेली नाही.

जे काम आपल्या ग्रंथालयातील कपाटाला जमले नाही ते एका हळदीच्या गाण्याने केले. त्याला मी पहिला क्रमांक देऊ नये, तर कोणाला द्यावा? मराठीच्या रक्षणाची एवढीच काळजी असेल तर दुसराही प्रश्न विचारू. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. आपल्या मंडळातील किती जणांनी आपली नातवंडे तेथे घातली? मी घातली नाही. आक्षेपकर्त्यांनीही नाही. शाळा सोडली, पुस्तक सुटले. उरले ते गाणे. तेही हलके म्हणून दाराबाहेर ठेवले, तर आत आपण उरू आणि आपली अध्यक्षीय भाषणे उरतील.

आणि बोलीतील गाणे वाङ्मय होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी १९५२ सालाकडेच पुन्हा पाहावे. त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जळगावजवळच्या आसोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईची बोली लेवा; आपली अहिराणी नव्हे, पण तिच्या शेजारचीच. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा तिचे नाव महाराष्ट्राला ठाऊक नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी टिपून ठेवली नसती आणि ‘ही तर जात्यावरची बडबड’ म्हणून सोडून दिली असती, तर आज उत्तर महाराष्ट्रातील विद्यापीठाला कोणाचे नाव असते? झुमक्याचे गाणे बहिणाबाईंच्या पंक्तीला बसते असे मी म्हणत नाही. ते बसत नाही. पण उद्याची बहिणाबाई पांडेसऱ्याच्या एखाद्या खोलीत आज गुणगुणत असेल, तर ती ऐकू येण्याइतके आपले कान उघडे आहेत काय?

आपल्या शेजाऱ्यांकडून तरी शिकावे. याच सुरतेच्या कवी नर्मदाने नागर स्त्रियांत गायली जाणारी गीते गोळा करून छापली. त्याने त्याच्या मोठेपणाला उणेपणा आला नाही. लोकगायकीच्या मुशीतून आलेल्या गढवींचे ‘खलासी’ नवरात्रात वाजले तेव्हा गुजराती प्राध्यापक आणि रिक्षावाले एकाच फेरात नाचत होते. माझ्या यादीत ते गाणे आहे ते या हेव्यापोटी. आपल्याकडे २०२४ मध्ये तशी संधी आली होती. ‘गुलाबी साडी’ लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला, म्हणजे आपल्याच खानदेशातला तरुण. साऱ्या देशाने त्याच्या मराठी शब्दांवर ताल धरला, आणि आपल्या मंडळात त्याच्या नावाचा साधा उल्लेखही झाला नाही.

तेव्हा माझी मागणी मांडतो. दर डिसेंबरात इच्छुक सभासदांनी आपापली पाच गाणी वाचावीत. प्रत्येक गाण्यापुढे ते कोणी लिहिले, कोठे ऐकले, घरात कोणाच्या तोंडी होते आणि त्यात काय खटकले, हे सांगावे. मराठी, अहिराणी, लेवा, गुजराती, कशाचीही मनाई नसावी. या याद्या या अंकात छापाव्यात. दहा वर्षांनी पांडेसऱ्यातील मराठी माणूस काय गात होता याचा तेवढाच एक लेखी पुरावा उरेल, आणि तो आकड्यांपेक्षा खरा असेल.

आक्षेपकर्त्यांना माझे पहिले निमंत्रण आहे. त्यांची यादी मी सर्वांआधी ऐकेन. तिच्यात पाचही गाणी १९५३ सालची असली तरी माझी हरकत नाही. फक्त २०२४ मध्ये ती त्यांच्या घरात कोणी म्हटली, एवढे त्यांनी सांगावे.