मुलाचे टप्पे आणि गुरुजींचा हजेरीपट

रक्तदाब मोजून झाला की हल्ली बरीच ज्येष्ठ मंडळी मोबाईल माझ्यापुढे धरतात. मुलाने कुठला तरी गड सर केलेला असतो, कुठे तरी हिमालयात तो बर्फात उभा असतो किंवा गळ्यात धावण्याच्या शर्यतीचे पदक असते. धाराशिव, कळंब, उमरगा, लोहारा या भागातून शिकून बाहेर पडलेली आपली मुले-मुली पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत, बंगळुरूत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात. वर्ष संपताना आपण काय काय केले याची यादी करण्याची रीत या पिढीत चांगलीच रुजली आहे. आजचे हितगुज त्या यादीविषयी आहे आणि तिच्यात ज्यांचे नाव नसते त्या आई-वडिलांविषयीही आहे.

माझ्या परिचयातील एका तरुणाची यादी पाहा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय २७, शिक्षण अभियांत्रिकीचे, नोकरी संगणकाच्या प्रणाली लिहिण्याची. वर्षभरात त्याने बारा किल्ले पाहिले. सुरुवात घरच्या नळदुर्ग आणि परंड्यापासून केली आणि शेवट १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर. २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पूर्ण केली. बासरीवर एक राग बसवला. आषाढीच्या वारीत पुण्याच्या संगणक क्षेत्रातील मंडळींची ‘आयटी दिंडी’ निघते, तिच्याबरोबर आळंदी ते पुणे चालला. शिवाय सलग शंभर दिवस, नोकरीचे काम सोडून, रोज एक तास स्वतःच्या आवडीची प्रणाली लिहिली.

हे शंभर दिवसांचे व्रत त्याचे एकट्याचे नव्हे. २०१६ पासून जगभरातले तरुण ते करीत आले आहेत. रोज किमान एक तास काम करायचे आणि काय केले ते चारचौघांना सांगायचे, एवढाच त्याचा नियम. ही मुले आपले काम ज्या ‘गिटहब’ नावाच्या संकेतस्थळावर ठेवतात, तिथे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक चौकोन असतो. काम झाले की तो हिरवा होतो, नाही झाले तर फिकट राहतो.

‘नोकरी सोडून हे नसते उद्योग कशाला?’ असे काही पालक मला विचारतात. मला मात्र या उद्योगांत आरोग्याचे मोठे शहाणपण दिसते. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत बसणाऱ्या शरीराला गड चढणे हे औषधच आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती पद्धत: ध्येय लहान ठेवणे, ते मोजता येईल असे ठेवणे, रोज थोडे करणे, झालेले लिहून ठेवणे आणि कोणाला तरी सांगणे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांच्याशी वर्षानुवर्षे निभावून नेताना माणसाला नेमकी हीच पद्धत लागते.

आता नाण्याची दुसरी बाजू. हा तरुण ज्या दिवसांत हिमालयात स्पितीच्या खोऱ्यात होता, त्याच दिवसांत त्याची आई त्याच्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. वडील निवृत्त शिक्षक, वय ६९. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. श्रावणात न्हाणीत पाय घसरला होता. हाड मोडले नाही, मुका मार लागला. तो आठवड्यात बरा झाला, पण मनात पडण्याची भीती बसली. आधी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंतचे फिरणे थांबले. मग पारावरची बैठक सुटली. मग माडीवर जाणे बंद झाले. दिवाळी येईपर्यंत गुरुजी अंगणातही भिंत धरून चालू लागले होते.

मुलगा दर रविवारी न चुकता फोन करीत होता. ‘अण्णा, कसे आहात?’ ‘मजेत आहे. तू तुझं बघ.’ संभाषण तिथेच संपत होते. मी माऊलीला विचारले, ‘मुलाला कळवलं का?’ त्या म्हणाल्या, ‘पोरगं वर्षातून एकदा सुट्टीवर गेलंय, डॉक्टरसाहेब. त्याच्या जिवाला घोर कशाला?’

वाचकहो, हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्यामागची माया मला कळते, पण तिची किंमतही मला रोज दिसते. मुलाचे टप्पे पुढे जात होते आणि वडिलांचे टप्पे मागे येत होते. मारुती, पार, माडी, अंगण. यातला प्रत्येक टप्पा इतका लहान होता की त्याची नोंद कोणीच घेतली नाही. म्हातारपण एकदम येत नाही. ते असेच पायरी-पायरीने येते, आणि त्यातल्या काही पायऱ्या वेळीच लक्ष दिले तर पुन्हा चढता येतात.

तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. गुरुजींचा रक्तदाब निजलेले असताना ठीक होता, पण उभे राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा अधिक उतरत होता आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते लघवीच्या त्रासासाठी आणखी एक गोळी घेत होते आणि दोन्हींचा परिणाम एकत्र होत होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. आणि तीन महिने बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू उतरले होते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात माणूस भीतीने बसून राहिला की शक्ती आणखी जाते, आणि शक्ती गेली की पडण्याचा धोका वाढतो. या चक्रातून मनाच्या जोरावर बाहेर पडणे अवघड आहे. स्नायूंना पुन्हा कामाला लावावेच लागते.

गोळ्यांची मात्रा आणि वेळा बदलल्या, डोळ्याची शस्त्रक्रिया ठरवली आणि पायांचे व्यायाम सुरू केले. (आपली कोणतीही गोळी कृपया स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.) मुलगा परतल्यावर मी गुरुजींच्या संमतीने त्याला सर्व सांगितले. तो आधी रागावला, मग गप्प झाला. मनगटावर बांधायचे पावले मोजणारे घड्याळ पाठवतो म्हणाला. गुरुजींनी ते नाकारले. ‘तीस वर्षं हजेरीपट भरलाय मी. वहीच बरी.’ त्यांनी शाळेच्या वहीत रकाने आखले: किती चाललो, खुर्चीतून किती वेळा उठलो, कोणाशी बोललो. रोज रात्री वहीचा फोटो मुलाला जाऊ लागला. मुलाने हिरव्या चौकोनांचा आपला पट वडिलांना दाखवला, तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘म्हणजे हाही हजेरीपटच की!’ आणि त्यांनी एक अट घातली: ‘तूही लिही. किती तास झोपलास ते.’ तेव्हा कळले की शंभर दिवसांचे व्रत करणारा हा मुलगा बहुतेक रात्री पाच तासच झोपत होता.

आज चार महिने झाले आहेत. गुरुजी काठी घेऊन मारुतीपर्यंत जातात. माडी अजून चढत नाहीत, कदाचित चढणारही नाहीत. पण अंगणात भिंत धरावी लागत नाही.

आपल्या घरीही असा हजेरीपट सुरू करता येईल. त्यासाठी चार नोंदी पुरेत.

पहिली नोंद उठण्याची. हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयोगटात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची शक्ती सरासरीहून कमी आहे असे समजावे. गुरुजींचा आरंभ सहापासून झाला, आता ते दहावर आहेत.

दुसरी नोंद चालण्याची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे मानून डॉक्टरांना भेटावे. या दोन्ही चाचण्यांच्या वेळी घरातले कोणीतरी शेजारी उभे असलेच पाहिजे. महिन्यातून एकदा केल्या तरी चालतील.

तिसरी नोंद रोजच्या हालचालीची. दहा हजार पावलांचा आकडा तुमच्या कानावर आला असेल. तो मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. ज्येष्ठांना सहा ते आठ हजार पावलांतच बहुतांश लाभ मिळतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. जो आज हजार पावले चालतो त्याने दीड हजारांचे ध्येय ठेवावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व शक्तीचे व्यायामही सांगते. ओट्याला धरून टाचा उचलणे इथपासून सुरुवात करता येते. स्नायूंसाठी ताटात भाकरीबरोबर डाळ, मटकी, हुलगे, ताक, शेंगदाणे असावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चौथी नोंद मनाची. नवे काय शिकलो आणि कोणाशी बोललो, ते लिहावे. जपानच्या मासाको वाकामिया यांनी साठीच्या सुमारास संगणक हाती घेतला आणि २०१७ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, ज्येष्ठांसाठी मोबाईलवरचा एक खेळ स्वतः तयार केला. प्रत्येकाने प्रणाली लिहावी असे नाही. मोबाईलवर मराठीत चार ओळी लिहिणे, नातवाला चित्रफोन लावणे हाही टप्पाच आहे. फक्त फोनवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगायचा नाही, हा धडा सर्वांत आधी गिरवावा.

कोजागरीला सोलापुरातून आणि आसपासच्या गावांतून हजारो भाविक तुळजापूरला चालत जातात. त्यात सत्तरीतली मंडळीही असतात. ज्यांना यंदा तो टप्पा गाठायचा आहे, त्यांनी आजपासून थोडे थोडे अंतर वाढवावे आणि आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, कारण पायाची जखम त्यांना कळतही नाही. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अकारण दम किंवा घेरी आली तर लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. नवस पुढच्या वर्षीही फेडता येतो.

काळजी घेणाऱ्या मुला-मुलींनो, फोनवर ‘कसे आहात?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘आज कुठपर्यंत गेलात? माडीवर शेवटचं कधी गेलात? रात्री लघवीला उठताना तोल जातो का?’ असे विचारा. उत्तरात मागे पडलेला टप्पा सापडेल. आणि तुमच्यासाठीही दोन शब्द: अडीच हजार मीटरच्या वर एकदम जाऊ नका, चढण हळूहळू वाढवा आणि वर डोकेदुखी, उलटी सुरू झाली तर आणखी चढू नका. संगणकापुढे दर वीस मिनिटांनी नजर दूर न्या, तासाला एकदा उठा आणि सात तासांची झोप हाही यादीतला टप्पा माना.

एक पथ्य दोन्ही पिढ्यांना. वही आपल्यासाठी आहे, आपण वहीसाठी नाही. ताप आला, पाहुणे आले, एखादा दिवस कोरा गेला तर खंत करू नये. कोरा दिवस चालतो. पाठोपाठ सात दिवस कोरे गेले तर मात्र त्याचे कारण शोधावे, कारण आजाराची पहिली खूण पुष्कळदा तिथेच दिसते.

या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातली एक जुनी वही काढावी, चार रकाने आखावेत आणि गेल्या वर्षी जिथपर्यंत सहज जात होतो, पण आता जात नाही, अशा एका ठिकाणाचे नाव पहिल्या पानावर लिहावे. मग ते पान मुलाला किंवा मुलीला दाखवावे. त्यांच्या जिवाला थोडा घोर लागेल, तो लागू द्यावा.