हायब्रिड गाडीचे मायलेज : कागदावरचे आणि वाटेवरचे

कोणतीही मोठी खरेदी जमाखर्चाच्या कसोटीवर घासून घेण्याची रीत व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मालाचा भाव, वाहतूक, घट आणि गुंतलेल्या रकमेचे व्याज मनात मांडल्यावाचून सौदा पक्का होत नाही. मोटारगाडी घेताना मात्र हीच सावध माणसे पुष्कळदा पत्रकावरच्या एकाच आकड्यावर विसंबतात. तो आकडा म्हणजे मायलेज. हायब्रिड गाड्या आल्यापासून या आकड्याचा मोह अधिकच वाढला आहे.

मारुतीची ग्रँड व्हिटारा हे याचे सोयीचे उदाहरण. २०२२ साली ती बाजारात आली तेव्हा साध्या गिअरच्या पेट्रोल गाडीचे प्रमाणित मायलेज लिटरला २१.११ किलोमीटर आणि हायब्रिडचे २७.९७ किलोमीटर जाहीर झाले. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड त्याहून बरीच मोठी, तरी तिचाही आकडा २३.२४ आहे. हे आकडे खोटे नाहीत, परंतु ते कोठे आणि कसे मिळाले हे ठाऊक नसेल तर त्यांवरून काढलेला हिशेब चुकतो.

प्रमाणित मायलेज रस्त्यावर मोजले जात नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर उभी करून, ठरवून दिलेल्या वेगाने सुमारे २० मिनिटे चालविली जाते. या चाचणीत वेग कधीही ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद असतो, चढ नसतो, खड्डे नसतात आणि डिकीत कापडाचे गठ्ठेही नसतात. सर्व गाड्या एकाच तराजूत तोलल्या जाव्यात यासाठी ही पद्धत योग्यच आहे. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो आकडा उपयोगी पडतो. आपल्या वाटेवर किती पेट्रोल लागेल, हे मात्र तो सांगत नाही.

हायब्रिडची बचत नेमकी कोठून येते, हे महाड तालुक्यातील वीर स्थानकावरून जाणाऱ्या आगगाडीवरून चांगले समजते. १९९३ साली कोकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा रोह्यापासून या वीरपर्यंतच सुरू झाला होता. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. आजची नवी विद्युत इंजिने वेग कमी करताना आपल्या मोटारींना जनित्राप्रमाणे फिरवितात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडतात. हायब्रिड गाडीही हेच करते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गतीची सारी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तर हायब्रिडमध्ये तिचा काही भाग वीज होऊन परत येतो. फरक इतकाच की आगगाडीच्या डोक्यावर तार असते आणि गाडीला ती वीज स्वतःच्या लहानशा बॅटरीत साठवावी लागते. ग्रँड व्हिटारा हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपास, म्हणजे ०.७६ युनिटाची आहे.

बचतीचे दुसरे मूळ इंजिनात आहे. हायब्रिडमध्ये ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन वापरतात. त्याचा जोर थोडा कमी, पण पेट्रोलचा उपयोग अधिक चांगला. कमी पडणारा जोर विजेची मोटार भरून काढते आणि सिग्नलला वा कोंडीत इंजिन पूर्ण बंद राहू शकते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. काही गाड्यांत केवळ एक छोटी मोटार इंजिनाला हातभार लावते. तिला सौम्य हायब्रिड म्हणतात आणि ती नुसत्या विजेवर चालत नाही. मारुतीच्या ब्रेझा, अर्टिगा यांसारख्या गाड्यांतील ‘स्मार्ट हायब्रिड’ या प्रकारची. पुढील सारे विवेचन विजेवरही चालू शकणाऱ्या, म्हणजे ‘स्ट्राँग हायब्रिड’ गाड्यांविषयी आहे. खरेदीपूर्वी हा भेद विचारून घ्यावा.

आता वीरहून निघणाऱ्या तीन वाटा पाहाव्यात. गाडी एकच, पण तिन्ही वाटांवर हिशेब वेगळा येतो.

पहिली वाट बाजाराची. महाडच्या पेठेतील किंवा माणगावच्या कोंडीतील संथ, थांबत थांबत होणारी चाल ही हायब्रिडची खरी कमाई. साधी गाडी तेथे उभ्या उभ्या पेट्रोल जाळते, हायब्रिडचे इंजिन मात्र बराच वेळ बंद असते. तथापि या वाटेलाही दोन अपवाद आहेत. दुकान ते गोदाम अशी एक-दोन किलोमीटरची फेरी मारून गाडी तासभर उभी ठेवली, पुन्हा तशीच फेरी मारली, तर थंड इंजिनाला तापविण्यातच पेट्रोल खर्च होते आणि मायलेज घसरते. चार कामे एका फेरीत उरकली तर इंजिन एकदाच तापते. दुसरा अपवाद उन्हाळ्याचा. हायब्रिडमधील एसी विजेवर चालतो. वैशाखात उन्हात तापलेली गाडी थंड करताना त्याने ताशी एक युनिटाच्या आसपास वीज ओढली, तर बॅटरीतील वापरण्याजोगा साठा अर्ध्या तासाच्या आतच उतरतो आणि उभ्या गाडीतही इंजिन सुरू होते. गाडी सावलीत लावणे आणि निघताना काचा उघडून कोंडलेली उष्ण हवा बाहेर जाऊ देणे हा बिनखर्ची उपाय होय.

दुसरी वाट महामार्गाची. वीरहून लोणेरे, माणगाव, कोलाड, पेण करीत पनवेल गाठताना मोकळा रस्ता मिळाला की हायब्रिडचा विशेष लाभ आटतो. ब्रेक लागतच नाही, तर परत मिळणार काय? तेथे बहुतेक काम इंजिनच करते आणि मुख्य शत्रू ठरतो वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० वरून १०० केला की हा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. छतावर कॅरिअर बांधून त्यावर माल लादला तर त्यात आणखी भर पडते. या वाटेवर बचत हवी असेल, तर ती गाडीपेक्षा चालकाच्या उजव्या पायाच्या हाती असते.

तिसरी वाट घाटाची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठताना गाडी सुमारे साडेबाराशे मीटर वर चढते. चार माणसांसह गाडीचे वजन १,६०० किलो धरले, तर केवळ तेवढी उंची गाठण्यास साडेपाच युनिटांच्या जवळपास शक्ती लागते. एक लिटर पेट्रोल उत्तम इंजिनातूनही साडेतीन युनिटांच्या आसपासच काम देते. म्हणजे रस्त्याचे अंतर सोडून नुसत्या चढाईसाठीच दीड लिटर खर्ची पडले. हायब्रिड असो वा नसो, या नियमातून सुटका नाही.

उतरताना ही शक्ती परत मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण साडेपाच युनिटांचा ओघ पाऊण युनिटाच्या भांड्यात मावणार कसा? चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात काही भाग जातो. उरलेल्यातून बॅटरी घाटाच्या पूर्वार्धातच भरते. त्यानंतर गाडी जास्तीच्या विजेने इंजिन नुसते फिरवून वेग आवरते. त्या वेळी इंजिनाचा मोठा आवाज येतो आणि अनेकांना तो बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे. पेट्रोल जळत नसते आणि ब्रेक तापण्यापासून वाचत असतात. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत यासाठी ‘बी’ हा स्वतंत्र टप्पा दिलेला असतो. लांब उतारावर तोच वापरावा.

या ठिकाणी मायलेजचा प्रश्न पैशापुरता राहत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचविण्याची जुनी सवय कोकणातील अनेक चालकांना आहे. हायब्रिडमध्ये न्यूट्रल केले की बॅटरीत वीज भरणे थांबते, म्हणजे बचतीऐवजी तोटाच होतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक वळणावर दगा देऊ शकतो. घरातील तरुण चालकांना आणि पगारी ड्रायव्हरला ही एक गोष्ट आवर्जून सांगावी. दोन कप पेट्रोलासाठी कुटुंबाचा जीव पणाला लावणारा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

आता पैशाचा विचार. समजा, हायब्रिड गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा अडीच लाख रुपयांनी महाग आहे, वर्षाला १५,००० किलोमीटर धाव आहे आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. आरंभी दिलेले २१.११ आणि २७.९७ हे कागदी आकडे धरले, तर वर्षाला सुमारे १७४ लिटर, म्हणजे १८ हजार रुपयांच्या आसपास वाचतील. अडीच लाख वसूल होण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागतील. धाव मुख्यतः गर्दीतील असेल आणि साधी गाडी १२, तर हायब्रिड २० देत असेल, तर वर्षाला ५०० लिटर वाचतील. त्याचे ५२,५०० रुपये होतात आणि जादा रक्कम पाच वर्षांच्या आत फिटते. धाव महामार्गावरची असेल आणि आकडे १८ व २१ असे जवळजवळ आले, तर बचत केवळ १२,५०० रुपयांची. मग वसुलीला वीस वर्षे लागतील आणि तोवर गाडी राहील की नाही हाच प्रश्न. येथील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील किंमत आणि आपली धाव घालून ते पुन्हा मांडावेत. अडीच लाखांवर धंद्यात मिळणारे व्याजही विसरू नये.

गाडी घेतल्यावर काही लहान गोष्टी मायलेज राखतात. चाकांतील हवा पंधरवड्याने, गाडी थंड असताना तपासावी. कमी हवेचे चाक जड चालते. ब्रेक उशिरा आणि जोरात न लावता आधीपासून हलका लावावा. जोरात दाबल्यास शक्तीचा मोठा भाग पुन्हा उष्णतेतच जातो. अनेक हायब्रिड गाड्यांत मागील आसनाजवळ बॅटरीला थंड हवा देणारी जाळी असते. मालाचे गठ्ठे किंवा पिशव्या ठेवून ती झाकली गेली, तर बॅटरी तापते आणि आपले काम आखडते घेते. आताच्या २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलात शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे सहा ते सात टक्के कमी ऊर्जा असते, हेही ध्यानी ठेवावे. मायलेज थोडे उतरले म्हणून लगेच गाडीला दोष देण्याचे कारण नाही.

शेवटी मोजमापाविषयी. काचेखालच्या फलकावरील आकडा हा गाडीने स्वतः केलेला अंदाज असतो. खरा आकडा हवा असेल, तर एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी तशीच टाकी भरल्यावर मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच टाक्यांची नोंद ठेवावी आणि शेजारी वाट कोणती होती तेही लिहावे : बाजार, महामार्ग की घाट. नवी गाडी घेण्याचा विचार असेल, तर आधी जुन्या गाडीची अशी नोंद तीन महिने ठेवावी. तिच्यात बाजाराच्या ओळी जास्त निघाल्या, तर हायब्रिडसाठी जादा मोजलेला पैसा परत येण्याची आशा आहे. महामार्गाच्या ओळी जास्त निघाल्या, तर साधी पेट्रोल गाडी घेऊन उरलेले अडीच लाख धंद्यात ठेवणे अधिक शहाणपणाचे.