घंटागाडी आणि उसनी वाटी

घंटागाडीबद्दल माझे मत चांगले आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर साताऱ्यात राहणे कठीण व्हायचे. आपण चप्पल शोधेपर्यंत ती पुढच्या गल्लीत गेलेली असते हे खरे, पण येते बिचारी. माझी तक्रार गाडीबद्दल नाही. गाडी येणार आहे म्हणून घरातले सगळेच तिच्यावर सोपवणाऱ्या माणसांबद्दल आहे. अशी माणसे हल्ली सर्वांत जास्त कुठे सापडत असतील, तर संगणकाच्या धंद्यात.

माझा भाचा त्यातलाच. सांगलीचा, आणि वर इंजिनिअर. म्हणजे आपले तेच खरे म्हणण्याचा त्याला दुहेरी अधिकार. (हे वाक्य मी बहिणीसमोर बोलत नाही.) त्याच्या जावा भाषेत कचरा उचलायची सोय भाषेतच आहे. तिला गार्बेज कलेक्टर म्हणतात. कल्पना जुनी, जॉन मॅकार्थी नावाच्या गृहस्थांनी १९५९च्या सुमारास लिस्प भाषेसाठी ती काढली. प्रोग्रॅम चालताना मेमरीत ऑब्जेक्ट म्हणजे नाना वस्तू तयार होतात. ज्या वस्तूची आठवण ठेवणारे कोणी उरले नाही, ती कचरा समजून कलेक्टर उचलतो. उत्तम! सी भाषेत ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती परत करायची. विसरला तर साठत जायची, दोनदा परत केली तर गोंधळ. त्या भाषेत मी वीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे. तेव्हा कलेक्टरला हात जोडायला पहिला मीच.

पण डेटाबेसचे कनेक्शन किंवा उघडलेली फाइल म्हणजे कचरा नव्हे. ती शेजारून साखरेसाठी आणलेली वाटी आहे. काम झाले की परत द्यायची. ती घंटागाडीत टाकून ‘पोचेल हो तुमच्याकडे’ म्हणणाऱ्याला शेजारीण काय म्हणेल?

“मामा, कलेक्टर बघून घेईल ना,” भाचा म्हणतो.

“कधी?”

“त्याला वाटेल तेव्हा.”

घ्या! आता त्याला केव्हा वाटते? मेमरी भरत आली की. कनेक्शने संपली म्हणून तो हलत नाही. त्याच्या हिशेबी कनेक्शन म्हणजे एक चिमूटभर वस्तू. त्या चिमटीने डेटाबेसच्या दारात एक खुर्ची अडवली आहे, हे त्याला दिसत नाही. सातारा स्टँडवर सांगलीची एसटी लागली की खिडक्यांतून रुमाल आत पडतात आणि मालक चहाला जातात. गाडी रिकामी, पण बसायला जागा नाही! झाडूवाल्याला रुमाल उचलायचा अधिकार नाही, आणि चहावाला घाई करत नाही.

यात बिघडते काय, असे विचारणाऱ्याने नोव्हेंबरात माझ्याबरोबर रांगेत उभे राहावे. आम्हा पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका कार्यालयात (नाव कशाला घ्या!) खिडकीतून उत्तर आले, “सर्व्हर अडकलाय, उद्या या.” माझ्यापुढे पहिल्या एसटीने आलेल्या एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतली भाकरी तिथेच सोडली, खाल्ली आणि परतीच्या गाडीला गेल्या. आतल्या मुलाला विचारले तर म्हणाला, “कनेक्शनं सुटत नाहीत, काका. दुपारी मशीन बंद करून चालू केलं की होतं सुरळीत.” म्हणजे कुणाचा तरी भाचा!

जावात यावर फायनलायझर नावाचा विधी होता. वस्तू गेल्यावर कलेक्टरने तिच्या वतीने देणे फेडायचे. केव्हा, याची हमी नाही; फेडेलच, याचीही नाही. संगम माहुलीला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहिलेल्यांना ही पद्धत परिचयाची आहे. शेवटी भाषेच्या कर्त्यांनाही पटले. २०१७ साली जावा ९मध्ये त्यांनी हा विधी त्याज्य ठरवला आणि २०२२मध्ये तो काढूनच टाकणार अशी नोटीस लावली.

सोपा मार्ग २०११पासून आहे. ‘ट्राय’च्या कंसात वस्तू उघडायची, काम संपले, किंवा मध्येच आपटले, तरी ती आपोआप मिटते. सी-शार्पमध्ये ‘यूजिंग’, पायथनमध्ये ‘विथ’. एवढे टंकायला चहाचा घोटभर वेळ लागतो.

“पण मामा, वस्तू दहा जणांच्या हातून गेली तर मिटायची कोणी?”

प्रश्न रास्त आहे. लग्नात मंडपवाल्याची भांडी शंभर हातांतून जातात, पण वहीत नाव एकाचेच असते. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर वहीत तसे लिहून घालावीत.

आश्चर्य याचे, की हे सांगलीच्या माणसाला सांगावे लागते! पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी किती फूट चढले आणि कोयनेतून किती सोडले, हे ज्या गावात पोरासोरांना तोंडपाठ, ज्या गावाने २०१९चा ऑगस्ट पाहिला, तिथे ‘धरण भरलं की बघू’ असे कोणी म्हणून दाखवावे. भाचाही म्हणत नाही. फक्त कनेक्शनबद्दल म्हणतो.

पुढच्या नोव्हेंबरात मी त्याला रजा घेऊन साताऱ्याला बोलावले आहे. रांगेत माझ्या जागी त्यानेच उभे राहायचे. मला फक्त हयात असल्याचे दाखवायला खिडकीशी न्यायचे.