मत वॉर्डात, नकाशा वर

नळ, गटार आणि संडास. आपल्या लोकशाहीचं एवढंच माप शिवून ठेवलंय.

माझं घर तुटलं तेव्हा मी नगरसेवकाकडं धावलो. राखीव जागेवर निवडून आलेला, आपलाच माणूस. म्हणाला, "पोरा, ही रेषा माझ्या हातात नाय. वरून आलीय." तोवर आईनं भांडी पोत्यात भरली होती. घर कुणी तोडलं त्याचं नाव इथं घेत नाही. मला एवढंच विचारायचंय, हे 'वर' राहतं कुठं?

मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका. त्यांच्या डोक्यावर १९७५ साली बसवलेलं प्राधिकरण. गादीवर मंत्री, कारभार सनदी अधिकाऱ्यांचा. मूठभर नगरसेवक पंगतीच्या टोकाला. वांद्रे-कुर्ला संकुलाचे भूखंड हेच देणार, मेट्रोच्या बहुतेक रेषा हेच ओढणार. मग उठवलेली माणसं टाकायची कुठं? मानखुर्दला, वाशीनाक्याला. शेजारी १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग. गावकुसाबाहेरचा महारवाडा संपला म्हणता? संपला नाही, त्याचे सात मजले झाले!

१९९३ साली ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. महानगराला नियोजन समिती हवी, तिचे किमान दोन-तृतीयांश सभासद नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यावेत, असं घटना सांगते. राज्यानं १९९९ साली कायदाही केला. तरी २०१६ साली पुढच्या २० वर्षांच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला तो प्राधिकरणाच्याच टेबलावरून. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचं राज्य. एक तरी मोठं टेंडर अडलं का? नाही. अडला तो आपला अर्ज.

पांढरपेशे म्हणतील, नगरसेवक पैसे खातो, साहेब बरा. खात असेल. पण त्याला पाच वर्षांनी पाडता येतं. साहेबाला कुठल्या पेटीत पाडणार?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावलं होतं, मत समान होईल, पण माणसाचं मोल समान होणार नाही. ते मोल आज नकाशावर ठरतं. कुणाचं घर रेषेत आणि कुणाची बाग रेषेबाहेर, हे तिथं ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला नळ मागू नका. त्याला विचारा, नियोजन समितीत कुणाला पाठवणार? आमच्या वस्तीतलं कोण तिथं बसणार? आराखडा मराठीत आमच्या नाक्यावर कधी लावणार? उत्तर नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पेन्सिल त्यांच्या हातात आहे तोवर आपलं घर खोडरबराखालीच राहणार.