'एशियन' पाटीखालची रांग
(द्वितीय वर्ष, कला)

मोठ्या विमानतळांवर हल्ली 'एशियन' अशी पाटी लावलेले एक तरी काउंटर असतेच. नूडल्स, फ्राइड राइस, वाफवलेले मोमो. पाच-सात मिनिटांत वाडगा हातात. प्रवाशाला विमान गाठायचे असते, तेव्हा हे सोयीचे आहे यात शंका नाही.

प्रथम त्या पाटीविषयी. आपण शाळेत शिकलेल्या भूगोलाप्रमाणे आपणही आशियातच राहतो. मग इडली आणि वडापाव 'एशियन' का नाहीत? पाटी लिहिणाऱ्याच्या मनात चीन, जपान, थायलंड, व्हिएतनाम असे चार-पाच देश असतात आणि ते सगळे तो एकाच कढईत घालतो. नावे गेली की हे अन्न मुळात कोणाचे होते, तेही विसरायला होते.

ते कष्टकऱ्यांचे होते. चीनच्या हैनान बेटावरून पोटासाठी सिंगापूरला आलेल्या माणसांनी तेथे कोंबडी-भात विकला. व्हिएतनाममधले 'फो' हनोईच्या रस्त्यांवर खांद्यावरच्या कावडीतून विकले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाकात रामेनच्या टपरीपुढे लागलेली भुकेल्या माणसांची रांग मोमोफुकू आंदो यांनी पाहिली होती. पुढे १९५८ साली त्यांनी झटपट नूडल्स बाजारात आणले. आपल्या नाक्यावरच्या मांचुरियनचा प्रवास मात्र उलटा. नेल्सन वँग यांनी ते १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात प्रथम केले असे सांगतात. क्लबातला पदार्थ हातगाडीवर उतरला आणि आम्हां कॉलेजच्या मुलामुलींना परवडू लागला. हातगाडीवरचा पदार्थ विमानतळावर चढला, की तो कोणाला परवडतो?

माझा आतेभाऊ एका मोठ्या विमानतळावर बॅगा चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. (मी स्वतः विमानात अजून बसलेली नाही, आमच्या घरात कोणीच नाही.) तो सांगतो, तेथल्या नूडल्सच्या एका वाडग्याला त्याची जवळजवळ निम्म्या दिवसाची मजुरी पडते. तो आत्याने दिलेली पोळी-भाजी खातो. डब्यात कमीपणा काही नाही. परंतु रात्रपाळीत, बाराव्या तासाला, गार पोळी आणि समोर वाफाळणारा वाडगा यांतले अंतर त्याला कळते, आणि तो ते हसत सांगतो म्हणून मला अधिक लागते.

'झटपट' हा शब्दही नीट पाहावा. भाजी बारीक चिरून मोठ्या आचेवर क्षणभर परतायची, म्हणजे सरपण वाचते. गरिबीने शिकवलेली ही युक्ती आहे. रामेनचे किंवा फोचे पाणी हाडांसह कित्येक तास उकळावे लागते. वाडगा पाच मिनिटांत मिळतो, कारण मागे कोणीतरी पहाटेपासून उभा असतो. तोही बहुधा घरचाच डबा आणत असेल.

यावर आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचे म्हणणे असे, की विमानतळावर जागेचे भाडे जबर असते, माल तपासणीतून आत न्यावा लागतो, म्हणून दर वाढणारच. हिशेब मला मान्य आहे. पण तो सगळीकडे एकाच पद्धतीने सोडवतात असे नाही. सिंगापूरने सत्तरच्या दशकात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना छपराखाली ओटे बांधून दिले. त्यांच्या त्या खाद्यसंस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मान्यता दिली. तेथल्या चांगी विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी वेगळी उपाहारगृहे आहेत. कर्मचाऱ्याला कमी दर, बाहेरच्याला थोडा जास्त. पण येऊन जेवायला दोघांनाही मोकळीक. आणि आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' निघाले, तेथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवला गेला. म्हणजे मनात आणले तर दर खाली येतात.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक मोठ्या विमानतळावर असे एक काउंटर असावे, जेथे हमाल, झाडूवाली, पहारेकरी आणि प्रवासी एकाच रांगेत उभे राहू शकतील. आणि तेथे नुसता चहा-समोसा नको. नूडल्सही हवेत, गरम, आणि रात्री दोन वाजतासुद्धा.