मंगळवारची पोटदुखी

पेणला वर्ष गणपतीवरून मोजतात. दारावरचे आकाशकंदील उतरायच्या आतच हमरापूर-जोह्याकडे पुढच्या वर्षीच्या मूर्तींचे साचे बाहेर निघतात. माझे आजोळ पेणचे. माझी एक मावसबहीण त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत होती, आणि आज सांगायची आहे ती तिच्या सातवीतल्या एका मुलाची हकीकत.

मुलाच्या घरचाच कारखाना. संध्याकाळी तो वडिलांशेजारी बसून डोळ्यांची आखणी करी. आखणी हे जाणत्या कारागिराचे काम. हात केसभर हलला तर मूर्तीची नजर बिघडते. याचा हात हलत नसे. पण शाळेत हाच मुलगा ढ ठरला होता. काना-मात्रा गळत, ‘ब’ लिहायचा तिथे ‘भ’ येई, चार ओळी वाचता वाचता घामाघूम होई. पुढे पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी पोट तपासले, काही निघेना. आजीने दृष्ट काढली. एकदा त्याने चिडवणाऱ्या पोराची वही फाडली, तेव्हा वडील म्हणाले, “बाई, आता पुरे झाली शाळा. कारखान्यात हात कमीच पडतात.”

बहिणीने तोपर्यंत हजेरीपट चाळला होता. पोट दुखे ते मंगळवारी आणि शुक्रवारी. प्रकट वाचनाचे वार तेच!

आपल्या शहरातल्या पुष्कळ शाळांत आता समुपदेशकाची खोली असते. (त्या खोलीत आपला मुलगा गेल्याचे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण किती जपतो, तेही आपल्याला ठाऊक आहे.) सरकारी शाळेत ती खोली कुठली? नाही म्हणायला, राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर २०१३ सालापासून शाळांत येतात, आणि त्यांच्या यादीत दात-डोळ्यांबरोबर अध्ययनातल्या अडचणीही आहेत. २०२० साली प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायची योजना आली. योजना चांगली, पण तेच दोन शिक्षक निवडणुकीची आणि जनगणनेची कामेही करतात, हे योजना लिहिणाराच्या ध्यानात नसावे.

मुलाला मुंबईला न्यायचे ठरले. पेणहून पनवेल, तिथून लोकलने कुर्ला, पुढे पालिकेचे मोठे रुग्णालय. आणि हे एकदा नव्हे. आधी कान-डोळे, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची. प्रत्येक खेपेला बापाचा दिवस बुडे. पहिल्या खेपेला तो बहिणीला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “पोरगं वेडं नाही हो माझं.”

वेडे नव्हतेच. बुद्धी चांगली, अक्षरे मात्र मेंदूत नीट बसत नाहीत. अध्ययन अक्षमता म्हणतात तिला. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ साली देशात पहिले पाऊल टाकले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. दाखला मिळाला. दहावीला वाढीव वेळ मिळेल, लागला तर लेखनिकही. बहिणीने मंगळवारचे प्रकट वाचन त्याच्यापुरते बंद केले. तो आता प्रश्नांची उत्तरे तोंडी देतो. पोट अजून अधूनमधून दुखते, पण शाळा सुटलेली नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत शंभरी सात जणांना मनाचा काही ना काही आजार आढळला. म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार. अध्ययनाची अडचण असलेली मुले आणखी वेगळी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा.

हे मी बहिणीला उत्साहाने सांगितले, तर ती हसली. तिची बदली मध्यंतरी रोहा तालुक्यातल्या एका वाडीवर झाली आहे. “दादा, माझ्या शाळेत सारी मिळून बावीस डोकी. शंभर कुठून आणू?” त्यांतली निम्मी कातकऱ्यांची. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पोरे पाठोपाठ. पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा काहींची बोलती बंद झालेली असते. तिथे काय पाहिले, काय सोसले, कोण विचारणार? खाली धाटावला कारखान्यांचे भोंगे वाजतात, रेल्वे मुंबईला धावते. वाडीवरून रोह्याला यायचे तर आधी तासभर चालायचे.

तेव्हा तिच्यापाशी फोन आहे. १४४१६, टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत. पाचवीतली एक मुलगी जूनपासून कुणाशी बोलत नव्हती. बहीण रोज शाळा सुटल्यावर तिच्याजवळ जमिनीवर बसून पाने निवडत राही, चौकशी न करता. तिसऱ्या आठवड्यात मुलगी आपणहून बोलली. काय बोलली ते बहिणीने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. नंतर मुलीच्या आईला शेजारी बसवून तिने तो नंबर फिरवला.

“आता कशी आहे?” मी म्हटले.

“बरी आहे. पण दिवाळीनंतर भट्टीवर जाईल,” ती म्हणाली. “वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहून दिलाय. तिथे रेंज येते का, तेवढं मात्र तिच्या आईलाही सांगता येईना.”