संगणक मुका झाला तर?

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या अंध कारकुनाचा संगणक अचानक मुका झाला, तर त्याने काय करावे? डोळसाच्या संगणकाचा आवाज गेला तर गाणे थांबते. अंधाचा मात्र सारा पडदाच पुसला जातो.

दोष बहुधा क्षुल्लक असतो. ध्वनी भलत्याच उपकरणाकडे वळलेला असतो किंवा चुकीची कळ दाबली जाऊन वाचकप्रणालीची वाणी बंद पडलेली असते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली सहसा कंट्रोल, आल्ट व एन या कळांनी पुन्हा सुरू होते. तरीही शांतता असेल, तर विंडोज, कंट्रोल व एंटर दाबून ‘नॅरेटर’ सुरू करावा. तोही मुका राहिला, तर दोष वाणीचा नसून ध्वनीचा, हे उमगते.

२०१६ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टींसाठी किमान एक टक्का जागा राखल्या. परंतु जागा देणे म्हणजे काम करू देणे नव्हे. पाच मिनिटांच्या दोषापायी दिवस वाया जातो आणि ठपका यंत्राऐवजी अंधत्वावर येतो. या पाच कळा प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकविण्यास कोणता निधी लागतो?